जेवतानाचं मौन

त्या मुलीनं माझ्या नातीच्या गालावरची तीट तिसऱ्यांदा पुसली. कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा तिनं फार हलक्या हातानं फिरवला, बाळाकडे बघून हसली, मग माझ्याकडे बघूनही हसली, आणि काळा झालेला बोळा पिशवीत टाकून दिला. मी कमरेच्या बटव्यातून काजळाची डबी काढली. ती वळली की मी चौथ्यांदा लावणार होते.

"आई, पुरे आता," मकरंद मागून म्हणाला. "कॅमेऱ्यात दिसतं ते."

"दिसायलाच हवं. नाहीतर लावायचं कशाला?"

तो हसला. माझा मुलगा माझ्या बोलण्यावर असा हसतो तेव्हा त्याला वाटतं, त्यानं ते समजून घेतलं. मी डबी परत बटव्यात टाकली. राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. तो तसा जन्मापासूनच लहान. शाळेत बाई मला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवायच्या, मागून उत्तर पोचायचं नाही म्हणून.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. फिनलंडमध्ये मकरंद राहतो त्या शहरापासून गाडीनं दीड तासावर, तळ्याकाठच्या एका जंगलात आम्ही उभे होतो. ऑगस्टातली सकाळ होती, पण मला आमच्या मिरजेच्या पौषासारखी बोचत होती. सुती साडी, वरून मकरंदचं जाड जाकीट, पायात सुनेचे बूट, असा माझा थाट. समोर लाकडी ओंडक्यांचं एक जुनं घर, त्याच्याभोवती पंचवीसतीस माणसं, दिवे, वायरी, आणि बाळांसाठी उभारलेला एक पांढरा तंबू. तंबूत शेगडीसारखी ऊब देणारं यंत्र होतं, एक नर्सबाई होती, पाळणे होते. त्यांनी बाळाची काळजी घेतली नाही असं मी कधीच म्हणणार नाही. एका वेळी दहा मिनिटांवर तिला बाहेर ठेवत नव्हते. हात धुतल्याशिवाय कुणी तिला शिवत नव्हतं.

मी सुनेच्या, शर्वरीच्या, बाळंतपणाला गेले होते. डिंक, खारीक, अहळीव, वावडिंग, बाळंतशेपा असं सगळं बांधून नेलं होतं. नात झाली. तिचं बारसं शर्वरीचे आईवडील नागपूरहून आले की करायचं ठरलं होतं, म्हणून नाव नव्हतं. मी तिला ठकी म्हणत होते. ठकीला जन्मतः एवढं जावळ की नर्स इतर नर्सांना बोलावून दाखवत होती. रंग माझा, डोळे टपोरे, काळेभोर.

जंगलात जायचा बेत मला कळला तेव्हा ठकी सव्वीस दिवसांची होती. आणि कळला तो अर्थातच मी जेवत असताना.

हे जरा सांगायला हवं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून चातुर्मासात जेवताना मौन हा माझा नेम. बाकीचे नेमही आहेत. कांदालसूण बंद, वांगं बंद, रोज एकशे आठ वाती वळायच्या, दुपारी पोथीचा एक अध्याय. पण घरातल्यांना ठाऊक असलेला नेम एकच, मौनाचा, कारण तो त्यांच्या कामाचा होता. मी पानावर बसले की सगळ्यांना फावायचं. मला न विचारता स्कूटर विकल्याचं ह्यांनी मला जेवतानाच सांगितलं. सातवीत गणितात नापास झाल्याचं मकरंदनं सांगितलं तेव्हा माझ्या हातात ताकभाताचा घास होता. बाहेरदेशी चाललोय, तिकीट काढलंय, हेही तसंच. मी ताट घासून पालथं घालेपर्यंत माझा अर्धा राग निवालेला असायचा, आणि उरलेल्या अर्ध्यात भांडणाची ताकद नसायची. मकरंद हे फार लवकर शिकला. कुणाकडून शिकला ते त्या दिवशीपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

तर मी जेवत होते आणि तो सांगत होता. लाउरी नावाचा त्याचा मित्र सिनेमा काढतो. याच्या तिथल्या नऊ वर्षांतला तो पहिला खरा मित्र. दोघं मिळून तळ्यावर जातात, वाफ घेतात, गार पाण्यात उड्या मारतात. त्याला एक महिनाभराचं बाळ हवं आहे, फक्त एक दिवस. गोष्ट एका नव्या जोडप्याची आहे. जंगलातल्या घरात राहायला येतात, बाळ होतं. थोडी भीतीची आहे, पण लोककथेवरची.

"आपल्याकडे सटवाई येते ना, आई, बाळाचं कपाळ लिहायला? तसंच यांच्याकडेही जंगलातलं कुणीतरी नवं बाळ बघायला येतं."

सटवाईचं नाव त्यानं बरोबर काढलं. मी पाचवी पुजली होती. तिथे सहाव्या मजल्यावर, पाट्यावरवंट्याऐवजी खलबत्ता मांडून. ताट घासून झाल्यावर मी एवढंच म्हटलं, की सव्वा महिना होऊ दे, त्याआधी बाळबाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये. तो म्हणाला, तारीख ठरलीय, बत्तिसावा दिवस. इथे तर आठवड्याच्या बाळाला बाबागाडीत घालून बाल्कनीत झोपवतात, आणि ते तू बघतेच आहेस. मी बघतच होते. त्यावरही मी गप्प बसले होते.

शर्वरी काही म्हणाली नाही. शर्वरी त्या दिवसांत कशालाच काही म्हणत नव्हती.

त्याच्या आदल्याच दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. बाळ पाळण्यात रडत होतं आणि ही माझ्यापुढे बसून भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, घे गं तिला. ती उठली नाही. मग फार सावकाश म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगू? हिच्याकडे बघून मला काही होतच नाही. सगळं करते मी. पण कुणीतरी आपलं मूल माझ्याकडे ठेवून गेलंय आणि न्यायला येत नाही, असं वाटतं."

माझा हात तिच्या केसांतच राहिला. विचारलं, मकरंदला सांगितलंस का. सांगितलं होतं. तो म्हणाला, हॉर्मोन्स असतात. दवाखान्यातल्या बाईंनाही तिनंच फोन केला होता, आणि पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली होती. जंगलात जायचं ते त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी. मी तिला म्हटलं, वाटेल, हळूहळू वाटेल. आणि उठून बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात लावून धरलं. दुसऱ्याचं काचेचं भांडं धरावं तसं.

बुधवारी पहाटे आंघोळ करून, वरणभात डब्यात भरून मी गाडीत बसले.

तंबूत आणखी एक बाळ होतं. गोरंपान, टकलू, निळ्या डोळ्यांचं. त्याची आई बारीक चणीची, हसतमुख. तिनं शर्वरीला खुणेनं शेजारी बसवलं आणि निळ्या बोरांचा केक पुढे केला. मी मकरंदला विचारलं, हे दुसरं कशाला? तो म्हणाला, लहान बाळं दमतात, म्हणून दोन ठेवतात. आलटून पालटून.

"अरे, पण एक दूध आणि एक कोको. बघणाऱ्याला कळणार नाही?"

"प्रकाश असा टाकतात की कळत नाही," तो म्हणाला, आणि लाउरीकडे निघून गेला.

मी सिनेमातली जाणकार थोडीच. मी कापूस काढला आणि वाती वळत बसले.

गोऱ्या बाळाला त्यांनी आधी नेलं. घराच्या आत, पाळण्यात, पांढऱ्या लेसच्या झबल्यात. मग ठकीची पाळी. तीट पुसणारी ती मुलगी, हेन्ना तिचं नाव, तिनं ठकीचं जावळ कसल्याशा मलमानं उभं केलं. तपकिरी रंगाचं बोट भुवयांवरून फिरवलं. मग चिमट्यानं शेवाळाचा एक तुरा कानामागे अडकवला. मी म्हटलं, अगं, हे काय? तिला कळलं नाही. तिनं अंगठा वर करून, छान दिसतेय, असं दाखवलं. माझी एवढीशी तीट चालत नव्हती, पण हे चालत होतं. वात वळताना माझा कापूस तुटला.

मग त्या घरात, त्याच पाळण्यात, ठकीला ठेवलं. आम्हाला दारातून बघायची मुभा होती. त्या सिनेमातली आई, एक उंच, वाळकी बाई, पाळण्याशी आली, वाकली, आणि हळू आवाजात एकच छोटंसं वाक्य म्हणाली. तीनचार शब्द. पुन्हा घ्यायचं झालं. पुन्हा वाकली, तेच शब्द. मध्येच ती आपले तळवे एकमेकांवर चोळून गरम करी, ठकीच्या पोटावर ठेवी आणि काहीतरी माया करत बोले; मग दिवे लागले की परत तेच वाक्य. आठदहा वेळा तरी झालं. ठकी टक्क डोळे उघडून तिच्याकडे बघत राहिली, एकदाही रडली नाही. सगळे खूश झाले.

मी शर्वरीला हळूच विचारलं, "काय म्हणते गं ती?"

शर्वरी त्यांची भाषा शिकली होती, दोन वर्षं वर्गाला जात होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंगाई आहे."

तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फ झाला होता. मी जाकिटाच्या खिशात माझ्या हाताबरोबर तिचाही हात घातला, आणि मला वाटलं, थंडीनं.

जेवायची सुट्टी झाली. त्यांच्यासाठी माशाचं सूप होतं आणि काळा पाव. आम्ही तिघं तळ्याच्या बाजूला गेलो, मी आणि शर्वरी एका ओंडक्यावर बसलो. ठकी तंबूत नर्सबाईजवळ झोपली होती. मी डबा उघडला, हात जोडले, पहिला घास घेतला. म्हणजे माझं तोंड बंद झालं.

मकरंद उभ्यानं सूप पीत होता. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. घास घेतला आहे ना, हे बघितलं. मी त्याला लहानपणापासून चातुर्मासात असं बघताना बघितलंय. तो काही सांगणार आहे हे मला तेव्हाच कळलं.

"लाउरी जाम खूश आहे," तो म्हणाला. "म्हणतो, आतापर्यंत सहा बाळं बघितली, पण असं मिळालं नव्हतं." सूप ढवळलं. "आई, तुला नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. त्या जोडप्याचं बाळ म्हणजे ते गोरं. आपली ठकी त्यांचं बाळ नाहीये. म्हणजे गोष्टीत. जंगलातले ते जे असतात ना, ते यांचं बाळ घेऊन जातात आणि आपलं ठेवतात पाळण्यात. तर ठकी ती. बदललेली. म्हणून त्यांना काळे डोळे, भरपूर केस असलेलं हवं होतं. बघितल्याबरोबर कळायला पाहिजे ना, की हे या घरातलं नाही." मग घाईनं म्हणाला, "सिनेमा आहे, आई. कुणी वाईट अर्थानं घेत नाही. दुपारी एकच शॉट उरलाय. ती बाई तिला जंगलात एका दगडावर नेऊन ठेवते. खाली गरम पाण्याची पिशवी असते, लांबून बाहुलीच वापरणार आहेत."

माझ्या हातात भात होता. तळ्यावर एक पांढरा पक्षी बसला होता. मला ऐकू येत होतं ते मकरंदचं बोलणं नव्हतं.

मला माझ्या सासूबाई ऐकू येत होत्या.

शर्वरी म्हणाली, "मला सकाळीच कळलं." तिचं सूप जसंच्या तसं होतं. ती माझ्याशी बोलत होती. "अंगाई नव्हती, आई. ती बाई म्हणत होती, हे माझं नाही. दहा वेळा म्हणाली. मी मोजलं." मग वाटी ओंडक्यावर ठेवून, "मला वाटलं, माझ्या मनातलं हिला कुणी सांगितलं."

मकरंद म्हणाला, "शर्वरी, प्लीज."

मी हातातला भात परत डब्यात ठेवला.

"मकरंद," मी म्हटलं.

त्याच्या हातातली वाटी कलंडली. सूप बुटावर सांडलं तरी त्यानं पाय हलवला नाही. बेचाळीस चातुर्मास झाले होते माझे. ह्यांना पहिला झटका आला त्या दुपारीही मी पानावरून उठून, चूळ भरून, मग हाक मारली होती.

"तू सहा दिवसांचा होतास," मी म्हटलं. "आषाढी एकादशी होऊन गेली होती. तुझ्या आजी केतकीसारख्या गोऱ्या. हे गोरे. तू माझ्या वडिलांवर गेलास. दवाखान्यातून घरी आलो आणि पहिल्या जेवणाला आजी म्हणाल्या, हे आपलं नव्हे. दवाखान्यात बदललंय. आपल्या घरात असं पोर जन्मत नाही."

"आजी?" तो म्हणाला.

"मी जेवत होते. माझा नेम होता. ह्यांनी ताक मागितलं."

"चेष्टेत म्हणाली असेल."

"दुसऱ्या दिवशी परत म्हणाल्या. मी पानावर बसले की म्हणायच्या. एरवी एक शब्द नाही, मी उठले की नाही. घास तोंडात गेला की सुरू. कोण आलंगेलं असलं की त्याला सांगायच्या, अगदी हसत. बघा बाई, कुणाचं तरी उचलून आणलंय सूनबाईंनी. लोक हसायचे. सगळा चातुर्मास. कार्तिकी एकादशीपर्यंत. रोज दोन वेळा."

माझा आवाज नेहमीएवढाच होता. त्याला ऐकायला खाली वाकावं लागत होतं.

"आजी माझ्यावर जीव टाकायची, आई."

"टाकायच्या. तू चार वर्षांचा झालास, तुझं नाक त्यांच्यासारखं निघालं, मग टाकायला लागल्या. तोवर त्यांनी तुला मांडीवर घेतलेलं मी बघितलं नाही. तुला दृष्टसुद्धा मीच काढायची. त्या म्हणायच्या, याला कुणाची लागणार आहे."

तो खाली बसला. ओल्या गवतातच. मग त्यानं विचारलं, आणि ते त्यानं विचारायलाच हवं होतं. "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"मी जेवत होते," मी म्हटलं.

घराच्या बाजूला त्यांची माणसं हसत होती, कॉफी ओतत होती.

"नेमाला बोल लावू नकोस," मी म्हटलं. "ताट घासून झाल्यावर मला तोंड होतं. मला भीती वाटायची. त्या चार महिन्यांत मी रात्री तुझ्याकडे बघत बसायची, आणि खरं सांगते, एकदोनदा मलाही वाटलं होतं, की खरंच बदललं असेल का. माझं दूध त्या कार्तिकातच आटलं. तेव्हा हे कुणाला सांगितलं नाही. आज हिच्यासमोर सांगतेय, कारण हिनं तुला सांगितलं आणि तू हिला हॉर्मोन्स म्हणालास. आणि वर हिला इथे आणून बसवलंस. हिच्या पोरीच्या पाळण्यावर वाकून एक बाई दहा वेळा म्हणते, हे माझं नाही, आणि तू म्हणतोस, सिनेमा आहे. हिच्यासाठी सिनेमा आहे का तो?"

"मला ते लक्षात..."

"तुझ्या लक्षात होतं. म्हणून तू मी जेवायला बसेपर्यंत थांबलास."

मकरंदचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी त्याला आयुष्यात कधी मारलं नाही, तो मार त्याला तेव्हा बसला असेल. मला वाईट वाटलं नाही. मला आणखी बोलायचं होतं. बेचाळीस वर्षांचं साठलं होतं, आणि सासूबाई जाऊन सतरा वर्षं झाली होती, हे जाऊन सहा. समोर एकटा तोच होता. त्यातलं थोडं त्याच्या वाट्याचं नव्हतं हे मला कळत होतं. तरी मी ते त्यालाच दिलं.

तेवढ्यात शर्वरी उठली.

ती तंबूकडे गेली, धावत नाही, नीट चालत. टाके अजून ओढत होते तिचे. हेन्ना ठकीला शेवाळी रंगाच्या कापडात गुंडाळत होती, दगडावर ठेवायच्या तयारीनं. शर्वरीनं हात पुढे केले. हेन्ना हसून घड्याळ दाखवायला लागली, पाच मिनिटं, पाचच मिनिटं, असं असावं. तोवर लाउरी आला. दाढीवाला, भला माणूस. तोही काही समजावू लागला. शर्वरीनं त्याला बोलू दिलं. मग त्यांच्या भाषेत एक वाक्य म्हणाली, छोटंसं, हळू. सकाळी त्या बाईनं म्हटलं होतं साधारण तेवढंच. हेन्नानं लाउरीकडे बघितलं आणि बाळ तिच्या हातात दिलं.

त्याचा अर्थ मी कुणाला विचारला नाही.

मला लोक विचारतात, म्हणजे ज्या दोघीतिघींना मी हे सांगितलंय त्या विचारतात, मग तिला लगेच माया दाटून आली का. नाही आली. तिनं ठकीला घेतलं ते अजून तसंच, काचेच्या भांड्यासारखं. गुरुवारी ती दवाखान्यात गेली, मी आणि मकरंद दोघंही बरोबर गेलो. गोळ्या लागल्या, एका बाईंशी दर आठवड्याला बोलणं लागलं. चार महिने गेले. माझा परतीचा दिवस मी दोनदा पुढे ढकलला. पण माया नसताना तिनं ते वाक्य म्हटलं, आणि तेही अनोळखी माणसांसमोर, हे मी विसरत नाही. मला माझं मूल मांडीवर असताना, आपल्या माणसांसमोर, आपल्या भाषेत म्हणता आलं नव्हतं.

लाउरीशी बोलायला मकरंद गेला. काय बोलला मला माहीत नाही. लांबून दिसलं, की तो मान खाली घालून बोलतोय आणि लाउरीनं त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला. त्यांचं तळ्यावर जाणं त्यानंतर थांबलं. तो पहिला मित्र होता, हे मी आधी सांगितलंच.

परतताना मी पुढे बसले, शर्वरी आणि ठकी मागे. वाटेत पेट्रोलपंपावर मकरंद उतरला, आणि पाच मिनिटं झाली तरी आला नाही. बघितलं तर गाडीच्या बाजूच्या आरशात वाकून स्वतःचा चेहरा बघत होता. नाक बघत होता, गाल बघत होता. मी काच खाली केली नाही.

मागून शर्वरी म्हणाली, "आई, डबी द्या."

मला कळलंच नाही, कसली ते. मग बटव्यातून काढून मागे दिली. तिला तीट लावायची सवय नव्हती. अंगठाच भरवला आणि एवढा मोठा डाग उठला की ठकीचा निम्मा गाल काळा. कानामागे शेवाळाचा तुरा अजून तसाच होता. तो तिनं नखानं काढला आणि काच उघडून बाहेर टाकला.

सिनेमा निघाला. सकाळची चित्रं आधीच घेतली होती, ती राहिली. त्याला तिकडे बक्षीस मिळालं म्हणे. जाहिरातीच्या कागदावर नुसते दोन डोळे आहेत, काळेभोर. मी तो बघितला नाही आणि बघणार नाही. ठकीला पुढे सायली नाव ठेवलं. ती आता चौथीत आहे, जेवताना अखंड बडबडते, आणि तिला कुणी गप्प केलेलं मला खपत नाही.

मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त घ्यायचं असतं. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं, एक दिवस उपास आणि सहस्र जप, एवढंच. मी घेतलं नाही. वाती वळते, पोथी वाचते, कांदालसूण बंद असतं. मौन मात्र सोडलं ते सोडलंच. देवघरात उभी राहून तसं सांगितलं आणि दिवा लावला.

मकरंद रविवारी दुपारी फोन करतो. वेळ तीच, तिकडचा हिशेब लावून ठेवलेली, माझ्या जेवणाची. परवा काहीतरी अवघड असावं, आवाजावरून कळलं.

"आई, पानावर बसली आहेस का?"

"हो."

"मग उठलीस की करतो."

"नाही," मी म्हटलं आणि घास बाजूला ठेवला. "आत्ताच बोल."